टिळकवाडीचं घर विकून चियांग मायला जावं का?

वाचकाचं पत्र: "मी 62 वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. पत्नी 59, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिक्षिका होती. माझी पेन्शन 58,000, तिची 31,000. टिळकवाडीत स्वतःचं घर आहे, वरच्या मजल्याचं भाडं 11,000 येतं. बँकेत ठेवी 45 लाख. मुलगी पुण्यात, तिचं छान चाललंय. थायलंडात चियांग माय इथं निवृत्त जोडपी दरमहा साठ हजार रुपयांत आरामात राहतात, असे व्हिडिओ पाहिले. घर विकून कायमचं तिकडं जावं असं मला वाटतं. मला शुगर आणि बीपी आहे, गोळ्यांवर नीट आहे. पत्नी माळकरी, शाकाहारी. तिची आई खानापूरला, वय 84. पत्नी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. महिन्याला नेमके किती लागतील, आणि घर विकावं का?" (एक वाचक, बेळगाव)

नमस्कार सर,

घर विकू नका. निदान दोन हिवाळे तिथं काढून येईपर्यंत तरी नको. चियांग माय वाईट आहे म्हणून नव्हे. गाव खरंच राहण्यासारखं आहे. पण तुम्ही विचारता आहात महिन्याचा खर्च, आणि परदेशातल्या निवृत्तीचा हिशेब महिन्यावर कधीच बसत नाही. तो वर्षावर मांडावा लागतो. व्हिडिओतले साठ हजार खोटे नसतात, फक्त अर्धे असतात.

पुढं सगळीकडं एक बाहत म्हणजे 2 रुपये 80 पैसे धरले आहेत. त्या भावानं साठ हजार म्हणजे साधारण 21,400 बाहत. एवढ्यात एकटा माणूस, वर्षाच्या करारावर घेतलेली एक खोली, रस्त्यावरचं जेवण आणि विमा नाही, असं भागतं. तुम्ही दोघं आहात, बाई माळकरी आहेत, आणि विमा तुम्हाला लागणारच.

आधी घरभाडं. स्वयंपाकाची सोय असलेला सजवलेला एक बेडरूमचा फ्लॅट वर्षाच्या करारानं घेतला तर 12,000 बाहत धरा, दोन-तीन महिन्यांसाठी घेतला तर 15,000. वर्षाच्या करारात दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ ही सर्रास पद्धत आहे. भाडं ठरवताना विजेचा दर विचारायचाच. सरकारी मीटरचं बिल थेट तुमच्या नावे येत असेल तर युनिटला चार-साडेचार बाहत पडतात; मालक किंवा इमारतीचं ऑफिस मध्ये असेल तर सात-आठ बाहत लावतात. 200 युनिट साडेसातनं म्हणजे 1,500 बाहत, म्हणजेच 4,200 रुपये. इथं हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत शून्य येत असेल, तर हा फरक पहिल्याच महिन्यात डोळ्यात भरेल. करारावर सही करायच्या आधी मीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि दराचा आकडा करारात लिहून घ्या.

घरमालकाला आणखी एक गोष्ट विचारा: 'टीएम 30' भरून देणार का? परदेशी माणूस राहायला आला की मालकानं 24 तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्याची ही नोंद. काही मालक कर चुकवायला ती टाळतात. ती नसली तर पुढं व्हिसा वाढवायला गेलात की खिडकीवरून परत पाठवतील. भाडं हजार बाहत कमी सांगत असेल आणि ही नोंद करायला तयार नसेल, तर तो फ्लॅट सोडून द्या.

आता स्वयंपाकघर, कारण बाईंचा होकार-नकार बहुतेक इथंच अडलेला असणार. चियांग मायच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये गॅस लावू देत नाहीत. एक किंवा दोन इंडक्शन शेगड्या, वर धुराडं नाही, आणि स्वयंपाकघर म्हणजे हॉलचाच एक कोपरा. आपला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही. इथूनच सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा तीन लिटरचा स्टीलचा कुकर न्या. लोखंडी तवा चालतो, पण बूड अगदी सपाट हवं. खोलगट तवा फक्त मधोमध तापतो. भाकरी तव्यावर भाजते, पण फुगवायला जाळ नसतो. दुसरी बाजू अर्धवट भाजल्यावर कडा कापडानं दाबत राहिलं तर थोडी फुगते, चुलीसारखी मात्र नाही. ज्वारीचं पीठ तिथं सहज मिळत नाही, म्हणून पाच किलो सोबत घ्या. विजेचा दाब आपल्यासारखाच 220-230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. त्यामुळं मिक्सर चालतो. पण आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, ॲडाप्टर लागतो, आणि जुन्या इमारतींत अर्थिंग नसलं तर मिक्सरच्या धातूच्या भांड्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. फ्लॅट बघतानाच मालकाला अर्थिंगचं विचारा.

भाजीपाला, आलं, मिरची, हळद, कोथिंबीर, नारळ, शेंगदाणे, तांदूळ या बाबतीत काही अडचण नाही. तूरडाळ, पोहे, हिंग, मसाले भारतीय दुकानांत मिळतात. वरोरोत बाजाराच्या आसपास अशी दुकानं आहेत. भाव इथल्या दुपटीहून कमी धरू नका. दूध मात्र चटका देतं. लिटरला 48 बाहतच्या आसपास, म्हणजे 134 रुपये, इथल्या नंदिनी दुधाच्या जवळपास तिप्पट. दोनदा चहा, रात्रीचं दही-ताक असं धरून तुमच्याकडं रोज दीड लिटर लागत असेल, तर महिन्याला 45 लिटर: तिथं 6,000 रुपये, इथं 2,000 च्या आसपास. फक्त दुधासाठी!

बाहेरच्या जेवणात शाकाहारी माणसाची खरी अडचण नुसत्या मांसाची नाही. तिथं भाज्यांतसुद्धा माशाचं पाणी, म्हणजे 'नाम प्ला', आणि कोळंबीचा ठेचा घातलेला असतो. 'भाजी आहे का' असं विचारलं तर आनंदानं हो म्हणतील आणि वरून माशाचं पाणी घालतील. यासाठी थाईमध्ये 'जे' हा शब्द आहे. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असेल त्या दुकानात मासा-मांसच काय, कांदा-लसूणही नसतो. बाईंना हे फार सोयीचं आहे. तरी बाहेर जेवणं आठवड्यातून दोनदा धरा. रोज बाहेर जेवून पैसे वाचतील हा व्हिडिओवाल्यांचा हिशेब माळकरी घराला लागू होत नाही.

तीन महिन्यांच्या हिवाळी मुक्कामाचा महिना आम्ही असा मांडला: भाडं 15,000, वीज 1,500, पाणी 200, इंटरनेट 600, किराणा, दूध, भाजी 9,000, बाहेरचं जेवण 4,000, लाल रंगाच्या शेअर गाड्या आणि टॅक्सी मिळून 3,000, दोघांचे मोबाइल 600, औषधं-डॉक्टर 2,000, धुणं, साबण, किरकोळ 2,500, फिरणं, देवळं, एखादा दौरा 4,000. बेरीज 42,400 बाहत, म्हणजे 1,18,700 रुपये. काटकसर केलीत तर यातून सहा-सात हजार बाहत कमी होतील, त्याहून जास्त नाही. जास्त कमी करायला गेलात तर तिथं राहण्यात मजा उरणार नाही.

कायमचं गेलात तर वर्ष वेगळं दिसतं. भाडं स्वस्त होतं, पण उन्हाळ्यात एसी चालतो, म्हणून सरासरी महिना 40,000 बाहत धरा. वर्षाचे 4,80,000 बाहत, म्हणजे 13 लाख 44 हजार रुपये. त्यावर दोघांच्या आरोग्य विम्यासाठी महिन्याला किमान 12,000 बाहत बाजूला काढा, वर्षाचे चार लाख रुपये. शुगर-बीपी आहे म्हटल्यावर विमा कंपनी प्रीमियम वाढवेल किंवा तेवढे आजार वगळेल. लेखी कोटेशन आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. वर्षातून एकदा घरी येणं आणि एकदा अचानक एकट्यानं यावं लागणं मिळून 1 लाख 10 हजार. इमिग्रेशनच्या फिया 32,000. धुराच्या महिन्यांत (त्याबद्दल पुढं सांगतो) बाहेर जायला 50,000. एकूण सुमारे 19 लाख 40 हजार, म्हणजे महिन्याला एक लाख 61 हजार. आणि तुमची जमा? पेन्शन आणि भाडं मिळून वर्षाला 12 लाख, ठेवींचं व्याज वेगळं. पण त्या ठेवींपैकी अर्ध्या तिकडच्या बँकेत अडकणार, तो हिशेब खाली देतो. उरलेल्यांवर साडेसहा टक्क्यांनी दीड लाखाच्या आत येतील. म्हणजे घर न विकता दर वर्षी सहा लाखांची तूट. घर विकलंत तर त्या पैशाच्या व्याजातून ती आज भरून निघेल, हे मान्य.

पण हे आजचं झालं. तुमची पेन्शन रुपयांत आहे आणि खर्च बाहतमध्ये. 2016 साली एक बाहत दोन रुपयांच्या आतच होता, आता पावणेतीनच्या पुढं-मागं आहे. म्हणजे तिथल्या बाजारात एक पैसाही भाव वाढला नाही तरी तुमचा खर्च वर्षाला सरासरी चार टक्क्यांनी वाढला असता. हीच चाल राहिली तर आजचे साडेएकोणीस लाख दहा वर्षांनी 28 लाखांच्या वर जातील. महागाई भत्ता वाढतो, पण तो भारतातली महागाई पाहून. बाहतशी त्याला देणंघेणं नाही.

अडकणाऱ्या पैशाचं असं आहे. पन्नाशीपुढच्यांना थायलंडात निवृत्तीच्या कारणानं वर्षाची मुदत मिळते. त्यासाठी थाई बँकेत आठ लाख बाहत दाखवावे लागतात, किंवा दरमहा 65,000 बाहत उत्पन्न. 65,000 बाहत म्हणजे 1 लाख 82 हजार रुपये, तो मार्ग तुम्हाला बंद आहे. आठ लाख बाहत म्हणजे 22 लाख 40 हजार रुपये. ही रक्कम अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात हलवायची नाही. बाकीचे महिने काढता येतात, पण चार लाखांच्या खाली जाता येत नाही. म्हणजे आठ लाखांतले चार लाख, आपले अकरा लाख रुपये, तुम्ही तिथं आहात तोवर हात न लावायचे. थाई बचत खात्यावर व्याज नावालाच. पूर्ण आठ लाख वर्षभर ठेवले तर साडेसहा टक्क्यांच्या हिशेबानं वर्षाचं एक लाख 45 हजारांचं व्याज बुडालं, म्हणजे महिन्याला बारा हजार. कुठल्याही व्हिडिओत हा खर्च धरलेला नसतो. बाहत वधारत राहिला तर मुद्दल रुपयांत फुगेल आणि यातलं बरंच भरून येईल, हेही खरं. पण तो पैसा आजारपणाच्या रात्री काढता येत नाही, काढलात तर पुढच्या वर्षीची मुदत गेली.

दुसऱ्या प्रकारचा, इथूनच अर्ज करायचा 'ओ-ए' व्हिसा आहे. त्यात रक्कम भारतातल्या खात्यात दाखवता येते, पण पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि तीस लाख बाहतचं आरोग्य विमा कवच लागतं. तुमच्या दोन आजारांसह ते कवच मिळवणं हीच खरी परीक्षा.

जोडप्याला दोनदा आठ लाख लागत नाहीत. बाई तुमच्यावर अवलंबून म्हणून राहू शकतात, मात्र लग्नाचा दाखला लागतो. आपल्या पिढीची कित्येक लग्नं मंगल कार्यालयात लागली आणि नोंदणीविना राहिली. उपनिबंधक कार्यालयात आता नोंद करता येते. लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार लागतात. दाखला कन्नडमध्ये हातात पडला तर त्याचं इंग्रजी, मग साक्षांकन, मग थाई भाषांतर अशी साखळी वाढते. म्हणून इंग्रजी प्रत मिळते का ते अर्ज करतानाच विचारा. दाखल्यावरची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. आपल्या गावाचं नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बदललं, त्यामुळं जुन्या पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि नव्या दाखल्यावर दुसरं, हे इथं घरोघरी आहे. आपल्याला ते एकच गाव. तिथल्या कारकुनाला दोन.

मुदत मिळाल्यावरही तीन गोष्टी पाळायच्या. दर 90 दिवसांनी पत्त्याची हजेरी, उशीर झाला तर 2,000 बाहत दंड. दर वर्षी मुदतवाढ, माणशी 1,900 बाहत. आणि तिसरी सगळ्यांत महागात पडणारी: देश सोडण्यापूर्वी पुन्हा येण्याचा परवाना. तो न घेता विमानात बसलात की वर्षाची मुदत तिथल्या तिथं रद्द होते. एका वेळेचा परवाना 1,000 बाहत, कितीही वेळेचा 3,800. बाईंच्या आई 84 वर्षांच्या आहेत. खानापूरहून रात्री फोन आला तर त्या वेळी कुणी परवान्याचा विचार करणार नाही. चियांग माय ते बँकॉक, बँकॉक ते बेंगळुरू, तिथून बेळगाव, पुढं खानापूर. सगळी जोडणी लागली तरी पोहोचायला जवळजवळ एक दिवस जातो. म्हणून दोघांचाही 3,800 वाला परवाना मुदत मिळाल्याच्याच दिवशी काढून ठेवायचा. हे 7,600 बाहत वाचवण्याची जागा नाही.

आता इकडची बाजू, कारण निम्मं नुकसान भारतात होतं आणि ते नंतर कळतं. कायमचे गेलात की तुम्ही अनिवासी. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यातल्या व्याजावर 30 टक्के आणि सेस मिळून 31.2 टक्के कर आधीच कापला जातो, 'कर कापू नका' असं बँकेला लिहून द्यायच्या फॉर्मची सोय जाते. वरच्या मजल्याचा भाडेकरू, जो आज महिन्याच्या पाच तारखेला गपचूप अकरा हजार देतो, त्यानं कायद्यानं तुमच्या भाड्यातून पहिल्या रुपयापासून 31.2 टक्के कापून सरकारात भरायचे असतात. किती भाडेकरू हे करतील? बहुतेक घर सोडून जातील. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळं, आणि ती सवलत फक्त निवासींना. तुमची पेन्शन, उरलेलं व्याज आणि भाडं मिळून अनिवासी म्हणून 27,000 च्या आसपास कर बसेल. निवासी म्हणून शून्य. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये अनिवासींना नवं खातं उघडता येत नाही.

घर विकायचंच ठरलं तरी अनिवासी होण्याआधी विका. निवासी माणसाचं घर पन्नास लाखांच्या वर गेलं तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो. अनिवासीच्या घरावर कापायचा दर साडेबारा टक्क्यांहून जास्त पडतो, आणि कमी कपातीचा दाखला काढला नसेल तर खरेदीदार तो पूर्ण किमतीवर कापून मोकळा होतो. पुढं रिटर्न भरून परत मिळवत बसायचं. शिवाय 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांक लावून 20 टक्के किंवा तो न लावता साडेबारा टक्के, यातलं कमी पडेल ते निवडायची मुभा फक्त निवासींना आहे. जुनं घर असेल तर हा फरक लाखांत जातो.

पैसे पाठवण्याबद्दलही दोन शब्द. निवासी माणशी आर्थिक वर्षाला दहा लाखांपर्यंत पाठवलेल्यावर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक कापते तो कर, नाही; दहा लाखांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के. 22 लाख 40 हजार एकाच वर्षी पाठवले तर 2 लाख 48 हजार बँक आधीच कापून घेईल. रिटर्नमध्ये परत मिळतात, पण तोवर अडकले. दहा लाख मार्चमध्ये, बाकीचे एप्रिलमध्ये पाठवलेत तर टीसीएस जेमतेम 48,000 वर येतो. बँकेला सांगा, पैसे डॉलरमध्ये पाठवा आणि बाहत थाई बँकेला करू द्या. भाव बहुधा बरा मिळतो. एटीएममधून काढताना परदेशी कार्डाला दर वेळी 220 बाहत किंवा त्याहून जास्त लागतात, मग रक्कम 2,000 असो की 20,000. म्हणून थोडं थोडं काढू नका. मशीननं "रुपयांत रूपांतर करू का" विचारलं की नाही दाबायचं. हो म्हटलं की त्यांच्या भावानं कापतात.

धुराचा विषय वर आला म्हणून सांगतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत चियांग मायच्या आसपास शेतं आणि डोंगरातलं गवत जाळतात. शहर खोलगट भागात आहे, धूर वर जात नाही, साचतो. बीपीच्या माणसानं त्या दिवसांत तिथं राहू नये. जे तिथं घर करून बसतात ते हे दोन महिने पैसे खर्चून समुद्राकडं जातात. आगीतून नव्हे, गारव्यातून फुफाट्यात.

म्हणून आमचं म्हणणं असं: नोव्हेंबरच्या मध्याला जा, फेब्रुवारीच्या मध्याआधी या. साठ दिवसांचा एका प्रवेशाचा पर्यटक व्हिसा ऑनलाइन मिळतो. तिथं इमिग्रेशनमध्ये 1,900 बाहत भरून तीस दिवस वाढतात. बरोबर 90 दिवस. आठ लाख बाहत नाहीत, थाई कर नाही (त्यांचा निवासी व्हायला एका कॅलेंडर वर्षात 180 दिवस लागतात), आणि भारतात 182 दिवसांहून जास्त राहिल्यामुळं इकडचं सगळं जसंच्या तसं. विनाव्हिसा प्रवेशाची सोय असली तरी तिचे नियम तिथलं सरकार बदलत असतं, त्यावर बेत आखू नका. विमानात बसण्यापूर्वी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन कार्ड भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ खोटं समजा.

निघण्यापूर्वी हयातीचा दाखला देऊन टाका. तुमच्या वयाला तो नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपासून घेतात, मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. म्हणून तिकीट 10 नोव्हेंबरच्या पुढचं काढा. 90 दिवसांच्या शुगर-बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्या. घरात कुणी झोपेसाठी अल्प्राझोलाम घेत असेल तर ती तिथं नियंत्रित औषध आहे, डॉक्टरांच्या पत्राशिवाय बॅगेत टाकू नका. प्रवास विमा घेताना दोन्ही आजार लिहा. लपवलेत तर दावा नाकारला जातो. इथला मेडिक्लेम तिकडं चालत नाही म्हणून तो बंद करू नका. खंड पडला तर जुन्या आजारांचा तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होऊ शकतो.

तीन महिन्यांचा एकूण खर्च: राहणं-जेवण 3 लाख 56 हजार, दोघांची विमानं 70,000, विमा 25,000, व्हिसा आणि मुदतवाढ 16,000, कुकर-पांघरुणं-बादली 10,000. सुमारे पावणेपाच लाख. इथल्या घराची वीज, कर, झाडलोट 15,000. त्या तीन महिन्यांत पेन्शन-भाड्याचे तीन लाख जमा होतात. कमी पडणारे एक लाख 92 हजार ठेवींच्या वर्षाच्या व्याजातून, जे तुमच्याकडं 2 लाख 90 हजारांच्या घरात आहे, निघतात आणि मुद्दलाला हात लागत नाही. घर मोकळं ठेवायला नको, भाडेकरू वर आहेच. खालची किल्ली त्याच्याकडं नको, शेजाऱ्याकडं द्या.

तिथं गेल्यावर एक वही ठेवा आणि रोजचा खर्च बाहतमध्ये लिहा, रुपयांत नको. रुपयांत मोजत बसलात तर पहिला महिना प्रत्येक चहाला हळहळण्यात जातो. डिसेंबरअखेर आमच्या 42,400 शेजारी तुमचा आकडा मांडा. आणि वही बाईंच्या हाती द्या. शाळेत त्यांनी मुलांच्या फियांचा हिशेब ठेवलेला असणार, तुमच्यापेक्षा तो चोख असेल. दोन हिवाळ्यांनंतर त्यांनी हो म्हटलं, तर घराचं बोलू.